गेटच्या वरची माशी

होनोलुलू
३ जून १९७४

इनोक भावजी,

तुम्ही लिडियाबरोबर पाठवलेलं धुरावलेलं मांस आणि सुका मासा पोचला. हायरमच्या दफनानंतरच्या जेवणाला सगळ्यांना पुरला. तुम्ही चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर बसून परस्पर विमानतळावर गेलात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. घरी आला असतात तर बरं दिसलं असतं. पण ते लिहायला मी बसलेली नाही.

मी कामाचं लिहिते आहे. तुमच्या कुरणाच्या गेटच्या वर, डोंगराच्या अंगाला, पापालाच्या झाडांचा जो जुना पट्टा आहे, तिथल्या थोड्या माश्या मला हव्या आहेत. जिवंत.

तुम्ही हसाल. हसा.

हायरमने तिथे माश्या धरल्या त्या मामंजी हयात असताना. केळ्यांवर घोंघावतात त्या चिलटांच्याच कुळातल्या, पण अंगाने कितीतरी मोठ्या आणि पंखांवर काळी नक्षी असलेल्या. त्याचं म्हणणं होतं की ही जात वेगळी आहे. तुमच्या डोंगरावर सगळीकडे सापडते तिच्यासारखीच दिसते, पण हिच्या नराच्या पुढच्या पायावर केसांची झालर आहे, आणि एका बाटलीत ठेवलं तरी हा नर त्या दुसरीच्या मादीकडे ढुंकूनही बघत नाही. आमच्या प्रयोगशाळेत हे कोणाला पटलं नाही. झालर कमीजास्त असू शकते, नर तू पाहिलेस किती, असं सगळे म्हणाले. गुणसूत्रं दाखव, मग बोलू.

ती त्याला दाखवता आली नाहीत. त्या माश्यांनी बाटलीत अंडीच घातली नाहीत. नंतर तुमचं दोघांचं ते भांडण झालं आणि तो तिकडे आला नाही. आता त्या माश्या टाचणीला टोचून माझ्या टेबलावरच्या पेटीत आहेत. पंख बघता येतात, पाय बघता येतात. गुणसूत्रं वाचण्याचं काम माझं आहे, आणि मेलेल्या माशीतून मला काहीही वाचता येत नाही. त्याला जिवंत अळी लागते, पुरती वाढलेली. तिच्या लाळेच्या ग्रंथीत गुणसूत्रं दोरखंडासारखी जाड असतात.

बेटांवरच्या सगळ्या नक्षीदार माश्यांचा वंशवृक्ष आम्ही पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला छापायला देणार आहोत. त्यात हायरमच्या माशीला फांदी नाही. जिवंत माशी मिळाली तर मिळेल, एवढंच माझं म्हणणं.

आजारपणात त्याने तुमचं नाव काढलं का, असं लिडियाने मला विचारलं होतं. मी तिला नीट उत्तर दिलं नाही. हे पत्र मी त्याच्या सांगण्यावरून लिहीत नाही, एवढं मात्र तुम्हाला सांगते.

सुमिए


होनोलुलू
८ जुलै १९७४

इनोक भावजी,

तुमचं उत्तर नाही. शनिवारी मी फोन केला तो लिडियाने घेतला. तुम्ही वरच्या कुरणात गेला आहात असं ती म्हणत होती, आणि तिच्या मागून तुमचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. "माश्या हव्यात तर माझ्या गुरांच्या डोळ्यांवरच्या घेऊन जा म्हणावं. धरायचे कष्ट नाहीत, टोपलीभर मिळतील."

त्या माश्या मला चालत नाहीत. त्यांचं कूळ वेगळं आहे.

हे वाचून तुम्ही पुन्हा हसणार, ते मला लिहिताना कळतं आहे. मला थट्टेला उत्तर देता येत नाही. हायरम द्यायचा. प्रयोगशाळेतही माझ्या वाटची उत्तरं तोच द्यायचा, आणि मी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर न काढता बसून राहायचे. आता कोणी काही म्हटलं की तेच लोक माझ्याकडे बघून मान खाली घालतात. याचा मला फार वैताग येतो.

तुमचा राग हायरमवर होता. त्याने विद्यापीठातले लोक आणून तुमच्या रानात फिरवले, सरकारने रानाला कुंपण घालावं असं त्यातल्या एकाने वर्तमानपत्रात लिहिलं, आणि मामंजी आजारी असताना घरात तेवढाच एक विषय राहिला. "तुझ्या माश्यांसाठी माझी गुरं उपाशी ठेवू काय" हे तुमचं वाक्य हायरम तुमच्याच आवाजात म्हणून दाखवायचा. हसवायला म्हणायचा, पण पुन्हा पुन्हा म्हणायचा.

मी कुंपण मागत नाही. गेटच्या वरच्या थोड्या माश्या मागते आहे.

सुमिए


होनोलुलू
२९ जुलै १९७४

इनोक भावजी,

तुमचं कार्ड मिळालं. "माशी ती माशी. मेली काय आणि जिती काय, धागा तोच ना? आणि तो बघून जात कशी कळते ते आधी सांग, मास्तरीणबाई, मग बघू." बघू म्हणालात, हे मी होकार समजते.

सांगते. तुमच्या कुंपणाचे खांब सगळे सारखे नाहीत. कुठे ओहियाच्या लाकडाचा, कुठे कोआच्या, कुठे लोखंडी पाइप, कुठे मामंजींनी साखर कारखान्याच्या रुळांखालून आणलेली लाकडं. कोणी डोळे बांधून तुम्हाला त्या कुंपणापाशी सोडलं तर नुसत्या खांबांच्या क्रमावरून आपण कुठे उभे आहोत ते तुम्ही सांगाल. गुणसूत्र तसंच असतं. त्यावर आडवे पट्टे असतात, जाड, बारीक, जोडीने आलेले, आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. मी तो पाठ केला आहे. प्रत्येक जातीचा.

आता समजा, कुंपणाचा मधला एक तुकडा कोणी खांबांसकट उपटला आणि टोकं फिरवून परत तिथेच रोवला. खांब तेच, संख्या तीच, पण तेवढ्या तुकड्यात क्रम उलटा. माश्यांमध्ये असं कधीतरी घडतं, आणि एकदा घडलं की पोराबाळांत तसंच उतरत राहतं. दोन जातींमध्ये असे उलटे तुकडे कमी असतील तर त्या जवळच्या, जास्त असतील तर दूरच्या. आमचा सगळा वंशवृक्ष या उलट्या तुकड्यांवर उभा आहे.

मेलेल्या माशीत धागा असतो, पण कुंपण विरून जावं तसा. खांब दिसत नाहीत.

धरायचं कसं ते लिहिते. केळी सालीसकट कुस्करून झाकून ठेवा, फेस येऊ द्या. स्पंजचे तुकडे त्यात बुडवून सावलीतल्या खोडांना बांधा, फार उंच नको. सकाळी लवकर किंवा आभाळ आलेलं असताना जा. माशी स्पंजवर बसली की काचेची नळी हळू तिच्यावर ठेवा, ती आपणहून वर चढते. घाई केली की उडते. नळ्या आणि स्पंज याच टपालाने पाठवते आहे.

जागा विसरू नका. गेटच्या वर. हायरमचा शब्द तोच असायचा.

सुमिए


होनोलुलू
२६ ऑगस्ट १९७४

इनोक भावजी,

माश्या पोचल्या. विमानतळावरच्या माणसाने डबा माझ्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरकला. केळ्याचा तो आंबूस वास आमच्या गाडीतून अजून पुरता गेलेला नव्हता, आता पुन्हा बसला. मी काचा उघडल्या नाहीत.

तुमची चिठ्ठी वाचली. कुत्री मागे लागली, लिडियाने ओसरीवर झोपायला लावलं, आणि शेजारचा जोकिम फर्नांडिस "इनोक, दारू गाळायला लागलास आणि मला बोलावलं नाहीस" म्हणून रुसून बसला. हायरमच्या अंगालाही हा वास कायम असायचा. लग्नाआधी माझ्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं होतं की मुलगा पितो का.

सगळ्या माद्या आहेत. नर एकही नाही, त्यामुळे झालर बघता आली नाही. पण माद्या हव्याच होत्या. त्यांनी लगेच अंडी घातली. हायरमच्या घालत नव्हत्या, या घालतात. खाद्य आता सुधारलं आहे, त्यामुळे असेल.

आता थांबायचं. अळ्या मोठ्या झाल्या की कळेल.

तुमचे आभार कसे मानावे ते मला सुचत नाही, म्हणून मानत नाही.

सुमिए


होनोलुलू
१४ ऑक्टोबर १९७४

इनोक भावजी,

हायरम चुकला होता.

तुम्ही एवढे कष्ट घेतलेत म्हणून कळवायला हवं. पुष्कळ अळ्या मी उघडून पाहिल्या. प्रत्येक वेळी क्रम तोच, तुमच्या डोंगरावर जी सगळीकडे सापडते तिचाच. एकही तुकडा उलटा नाही. या बेटांवर अशाही जाती आहेत की ज्यांचा क्रम अगदी एक आहे आणि तरी त्या वेगळ्या आहेत, म्हणून मी काही अळ्या वाळूत सोडून माश्या होऊ दिल्या. नर निघाले. त्यांच्या पायांवर झालर नाही, आणि त्या साध्या जातीच्या माद्यांशी ते काही कुरकुर न करता जुळतात.

या माश्या त्याच का, अशी शंका मला आली होती. पण तुम्ही गेटच्या वर गेलात आणि मी गेटच्या वर म्हटलं होतं, तेव्हा शंकेला जागा नाही. झालर असलेले थोडे नर त्याच्या नशिबाने त्याच्या नळीत आले आणि त्याने त्यावर जात उभी केली, एवढाच अर्थ निघतो.

आमचे प्रमुख फार चांगलं बोलले. असं सगळ्यांचं होतं म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला तो झटकून टाकावासा वाटला. इतकी वर्षं हायरम तावातावाने त्यांच्याशी भांडला. आता त्याची बाजू त्याच्याच बायकोने खोटी ठरवली आणि ते मला धीर देताहेत.

आणि मला हायरमचाही राग आला आहे, हे तुम्हालाच लिहिता येतं. एका माशीपायी तो भावाशी भांडला, वडलांच्या शेवटच्या दिवसांत घराबाहेर राहिला, आणि ती माशी नव्हतीच.

त्याच्या टाचणीवरच्या माश्या मी मोठ्या कपाटात साध्या जातीच्या रांगेत नेऊन ठेवायच्या आहेत. अजून नेल्या नाहीत.

सुमिए


होनोलुलू
११ नोव्हेंबर १९७४

इनोक भावजी,

काल फोनवर मी मध्येच बोलणं तोडलं, म्हणून लिहिते. माफी मागायला नाही.

तुमचं पत्र वाचून मी फोन केला होता. पत्रात तुम्ही मला समजावण्यासाठी लिहिलं होतंत की गेटच्या वरचं रान चांगलं आहे, तुम्ही त्याला हात लावलेला नाही, साफ केलंत ते फक्त गेटच्या खालचं पापालाचं. ते वाक्य मी परत परत वाचलं. गेटच्या खाली पापाला कधी नव्हते. हायरम म्हणायचा, खाली नुसता उघडा लाव्हा, वर रान.

मी तेच विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, "ते जुन्या गेटचं. म्हातारा गेला त्या वर्षी रस्ता वर आला, तेव्हा वर नवं गेट लावलं. एवढं काय त्यात?"

"हायरमला सांगितलं होतं?"

"तो विचारायला आला होता?"

यावर मी फोन ठेवला.

भावजी, तुमच्या तोंडी गेट म्हणजे आत्ताचं गेट. हायरमच्या तोंडी गेट म्हणजे तो लहानपणी ज्यावर झोके घ्यायचा ते. दोघे भाऊ एकच शब्द बोलत होतात आणि मध्ये अख्खं रान होतं. मी हायरमचा शब्द तुमच्याकडे पोचवला, तुम्ही तो तुमच्या अर्थाने पाळलात, आणि त्यावर मी त्याला चुकीचा ठरवून प्रयोगशाळेत सांगून बसले.

तुमची चूक नाही. माझीही नाही, असं मी स्वतःला सांगते आहे. मला वैताग याचा येतो की ज्याच्यावर रागवावं असा कोणीच सापडत नाही.

त्या रानाचं आता काय आहे? बुलडोझरने पाडलेली झाडं उचलली का? पापालाचं लाकूड मऊ असतं, पडल्यावर लवकर कुजतं, आणि त्या माशीची अळी कुजत्या सालीतच वाढते. झाडं पडून एकच वर्ष झालं असेल आणि खोडं सावलीला ओलसर असतील, तर माशी अजून तिथे असू शकते. खोडं सुकली की नाही.

मी येते आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुटीत. गेट उघडं ठेवा. दोन्ही.

सुमिए


होनोलुलू
२ डिसेंबर १९७४

इनोक भावजी,

साली नीट पोचल्या. शीतखोलीत ओल्या गोणपाटात ठेवल्या आहेत. अळ्या हालताहेत.

लिडियाने एवढा स्वयंपाक केला आणि मी दोन घास खाऊन उठले, तिला वाईट वाटलं असेल. तिला सांगा की उपास नव्हता. पाडलेल्या रानातून चालून आल्यावर मला जेवण सुचत नव्हतं. खोडं एकमेकांवर टाकलेली, मुळं वर, आणि मध्ये मध्ये गुरांनी वाट केलेली. आणि त्याच खोडांच्या सावलीच्या बाजूला हायरमच्या माश्या बसलेल्या. एवढ्या माश्या त्याने आयुष्यात एका जागी पाहिल्या नसतील. कुजती साल सगळीकडे, त्यांना मेजवानी. मी एक नर नळीत धरून भिंगाखाली पाहिला आणि तुमच्या हातात दिला. तुम्ही भिंग डोळ्याला लावून म्हणालात, "मिशा पायाला आहेत होय याच्या." झालर हा शब्द उगाच वापरला आम्ही इतकी वर्षं.

डोझरवाला ज्या खड्ड्यापाशी थांबला, लाव्हाच्या बोगद्याचं छत कोसळून झालेला तो, त्याच्या काठावर तुम्ही हायरमबद्दल जे बोललात ते मी इथे लिहीत नाही. मी ऐकलं.

पण खड्ड्याचं बोलू. त्याच्या तळाशी पापाला उभे आहेत. डोझर घसरेल म्हणून माणूस तिथे गेला नाही, म्हणून वाचले. आणि तुमचा बेत मी ऐकला. फेब्रुवारीत, कोरड्या दिवसांत, सगळी खोडं त्या खड्ड्यात ढकलायची आणि तिथेच पेटवायची. "उघड्यावर पेटवलं तर गवत पकडेल, खड्डा कशाला देवाने दिलाय?"

बाटलीत ही माशी अंडी घालत नाही. ऑगस्टमध्ये घातली ती साध्या जातीच्या माद्यांनी, खाद्य सुधारलं म्हणून नव्हे. खोडं आज ना उद्या सुकणारच आहेत. तेव्हा तिला उरतात ती खड्ड्यातली झाडं. ती जळली तर ही जात संपली. मी हे वाढवून सांगत नाही.

तुम्ही म्हणालात, "आधी ती जात आहे का ते तरी ठरव. मागे एकदा नाही म्हणून कळवलंस." बरोबर आहे. ठरवते आणि कळवते. तोपर्यंत काडी लावू नका.

जेवताना तुम्ही आणखी एक विचारलं होतंत. "दोन माश्या सख्ख्या आहेत म्हणतेस. मग यातली मूळची कोण आणि फुटून निघालेली कोण?" मी सांगता येत नाही म्हटलं आणि तुम्ही हसलात, "एवढं शिकून?" त्याचं उत्तर असं. समजा दोन कुंपणं आहेत, एकात एक तुकडा दुसऱ्याच्या उलटा आहे. पहिला तुकडा फिरवला की दुसरं कुंपण होतं, दुसरा फिरवला की पहिलं. कोणाचं पाहून कोणी लावलं ते दोघांच्याकडे कितीही बघितलं तरी कळत नाही. दोघांच्या जोरावर एवढंच कळतं की त्यांच्यात एका पालटाचं अंतर आहे.

त्यावर तुम्ही म्हणालात की कुंपण उलटं लावणारा प्यालेला असणार. असेल.

सुमिए


होनोलुलू
२७ जानेवारी १९७५

इनोक भावजी,

ती जात आहे.

सालीतल्या अळ्यांच्या मी दोन वाटण्या केल्या. काही वाळूत सोडल्या, त्यांच्या माश्या झाल्या, नरांच्या पायाला तुमच्या त्या मिशा. बाकीच्या उघडून पाहिल्या. दुसऱ्या गुणसूत्राच्या मधोमध एक तुकडा साध्या जातीच्या उलटा आहे. प्रत्येक अळीत. सरळ क्रमाची एकही नाही, अर्धी उलटी अर्धी सरळ अशीही एकही नाही. त्या रानात दोन्ही जाती शेजारी शेजारी उडत होत्या आणि त्यांचं रक्त मिसळलेलं नाही. आमच्या प्रमुखांनी स्वतः येऊन काचपट्ट्या पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाले की हायरमकडे मी नीट ऐकायला हवं होतं. या वेळी त्यांनी खांद्यावर हात ठेवला नाही, बरं झालं.

तुमच्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं. दोन कुंपणांवरून कळत नाही, पण तिसरं असेल तर कळतं. माउईवर यांची एक जुनी नातलग आहे, समुद्रापलीकडची, या दोघींच्या आधीच वेगळी झालेली. तिच्या गुणसूत्रात तोच तुकडा मी शोधला. तिचा क्रम हायरमच्या माशीसारखा आहे.

म्हणजे उलटा तुकडा हायरमच्या माशीत नाही. तो तुमच्या डोंगरभर पसरलेल्या साध्या जातीत आहे. ती संख्येने भरपूर, आम्हाला आधी सापडली, म्हणून तिचा क्रम आम्ही सरळ धरला आणि बाकीच्यांना तिच्यावरून मोजत राहिलो. इतकी वर्षं ज्या कुंपणाला आम्ही सरळ म्हणत होतो, फिरवून लावलेलं तेच होतं. जुना क्रम त्या पापालाच्या पट्ट्यात राहिला होता. हायरमलाही हे कळलं नव्हतं. त्याला वाटायचं, आपली माशी ही नव्याने फुटलेली बारीकशी फांदी. तो अर्धा बरोबर आणि अर्धा चूक होता. हे मला त्याला सांगायचं होतं. तो किती भांडला असता.

तुमचं कालचं पत्र माझ्यासमोर आहे. हवा कोरडी पडली, डोझरवाला फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मोकळा आहे, पुन्हा वर्षभर मिळणार नाही, आणि खोडं तशीच राहिली तर गुरांचे पाय मोडतात. तुम्ही हो किंवा नाही लिहिलेलं नाही. "बघू" लिहिलं आहे. मागच्या वेळी मी तो होकार समजले होते. या वेळी समजायचा धीर होत नाही.

मी तुम्हाला रान परत लावायला सांगत नाही. खोडं ओढून मोकळ्या लाव्हावर रचा, मग तिथेच पेटवा, गवत नाही, आग पसरणार नाही. डोझरला दिवसभराचं काम जास्त पडेल, हे मला कळतं. खड्डा तेवढा रिकामा राहू दे.

वंशवृक्षाचा प्रबंध आज छापायला गेला. त्यात प्रत्येक जातीपुढे ती कुठे राहते याची एक ओळ असते. बाकी सगळं लिहून झालं होतं, नाव, नराचा पाय, गुणसूत्राचा क्रम, आणि मी त्या एका ओळीवर सकाळपासून बसून होते. टंकलेखिका मिसेस ओकुडा दोनदा येऊन गेली. शेवटी म्हणाली, "एका क्रियापदासाठी अडलंय, बाई? 'राहते' नाही तर 'राहत असे', काहीतरी एक सांगा, मला बस गाठायची आहे."

मी 'राहते' सांगितलं.

ते आता छापून येईल. मी आजवर जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते कधी लिहिलेलं नाही, आणि हे मी तुमच्या भरवशावर लिहिलं आहे. ते खरं राहू द्यायचं की खोटं पाडायचं, हे आठवड्याभरात तुम्ही ठरवाल. ठरवल्यावर मला कळवू नका. पावसाळा सुरू झाला की मी स्वतः स्पंज घेऊन येईन आणि बघेन.

सुमिए